तिसरी तार कुठे गेली?

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या थोरल्या मुलीने घरी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. त्या वेळी ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तयार कॉम्प्युटर महाग पडतो, सुटे भाग आणून जोडला तर तेवढ्याच पैशात चांगली मशीन होते आणि पुढे एखादा भाग बदलताही येतो, असा तिचा हिशोब. हिशोब म्हटला की आम्ही ऐकून घेतो. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि वीज पुरवणारा एसएमपीएस अशी यादी तिने किमतीसह आमच्यापुढे ठेवली. आम्ही फाईलवर सही करावी तशी मान हलवली, आणि दोन शनिवार बर्डीवर पायपीट करून बापलेकींनी सामान घरी आणले.

रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर सगळे मांडले. नागपूरचा हिवाळा कोरडा असतो. लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, हे आपण सगळ्यांनी अंधारात पाहिलेले आहे. ती स्थिर वीज काही हजार व्होल्टची असते. आपल्याला तिचा नुसता चटका बसतो, पण मदरबोर्डावरचे नाजूक भाग त्याहून कितीतरी कमी व्होल्टला खराब होऊ शकतात. म्हणून मुलीने स्वेटर काढून ठेवला आणि प्रत्येक भाग उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. संध्याकाळी बटण दाबताच मशीन सुरू झाली. सौ.नी शिरा केला.

तिसऱ्या दिवशी आमच्या आईची तक्रार आली. सकाळी फरशी पुसताना तिने ओल्या हाताने कॅबिनेट बाजूला सरकवले होते. ती म्हणाली, "पोरी, तुझी पेटी चावते गं." आम्ही ऑफिसला निघण्याच्या घाईत होतो. कॅबिनेटला हात लावून पाहिला, काहीच लागले नाही. "आई, तुला भास झाला असेल," असे म्हणून आम्ही सायकल काढली. दुसऱ्या दिवशी सौ.नी तेच सांगितले. मग मुलीने हात लावला, तिलाही मुंग्या आल्या. आम्ही पुन्हा हात लावला, पुन्हा काही नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही चप्पल काढा."

आमच्या पायात रबरी सपाता होत्या. त्या काढून नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभे राहून हात लावला आणि चटकन मागे घेतला. घरात अनवाणी आणि ओल्या हाताने कोण वावरते? आई आणि सौ. त्यांनाच ते आधी कळले, आणि ज्याच्या पायात सपाता होत्या त्याने त्यांना भास ठरवले.

आता शोध सुरू झाला. मुलीला पहिला संशय आला तो पितळी ठोकळ्यांचा. कॅबिनेटच्या पत्र्यावर छोटे पितळी ठोकळे बसवून त्यांच्यावर मदरबोर्ड स्क्रूने आवळतात. मदरबोर्डाला जिथे भोक असते तिथेच ठोकळा हवा. कॅबिनेट मोठ्या बोर्डासाठी केलेले असते, बोर्ड लहान घेतला तर एखादा ठोकळा जास्तीचा राहतो. तो बोर्डाच्या मागच्या डाकांना टेकला तर शॉर्ट होतो. तिने सगळे पुन्हा उघडले आणि खरोखर एक जास्तीचा ठोकळा निघाला. तो काढला. नशिबाने तो कोणत्या डाकाला टेकलेला नव्हता. आम्हाला वाटले, चोर सापडला. पण पेटी चावायची थांबली नाही.

मग संशय एसएमपीएसवर गेला. मशीन ऑटोत घालून दुकानात नेली. दुकानदाराने लावून पाहिली, हात लावला, आम्हालाही लावायला सांगितला. काहीच नाही. घरी आणली, पुन्हा मुंग्या. दुसऱ्या खेपेस त्या भल्या माणसाने एसएमपीएसच बदलून दिला. तरी घरी तेच. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मशीनमध्ये काही नाही. घरची अर्थिंग बघून घ्या." आम्हाला राग आला. आमच्या घरी प्रत्येक सॉकेट तीन भोकांचे आहे आणि मशीनची पिनही तीन पायांची आहे. आणखी काय अर्थिंग बघायची?

वाचकहो, चूक आमची होती. आमच्या गल्लीत एक लायसन्सवाले वायरमन राहतात. वयाने मोठे आहेत, सगळी मुले त्यांना काकाजी म्हणतात. त्यांनी जे समजावून सांगितले ते आम्ही आमच्या कारकुनी भाषेत मांडतो.

एसएमपीएसच्या तोंडाशी एक गाळणी असते. विजेच्या तारेतला खरखराट आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये म्हणून ती बसवतात. तिच्यात दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पेटीच्या पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून. त्यांच्यातून अगदी थोडा करंट, एका मिलिअँपिअरच्याही आत, पत्र्यावर येत राहतो. हा बिघाड नव्हे. पेटीला अर्थ मिळेल आणि तो करंट तिसऱ्या तारेतून मुकाट्याने जमिनीत जाईल, हे गृहीत धरूनच ती गाळणी केलेली असते. तिसरी तार तुटलेली असेल तर त्या करंटला जायला जागा उरत नाही. पत्रा दोन कपॅसिटरांच्या मध्ये लोंबकळत राहतो आणि २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट त्याच्यावर येतात. करंट थोडा असल्यामुळे माणूस मरत नाही, त्याला मुंग्या येतात. एसएमपीएस शंभर वेळा बदलला तरी त्या येतच राहणार. दुकानात मात्र अर्थ जिवंत होती, म्हणून तिथे पेटी गप्प होती.

आणखी एक गोंधळ इथे दूर झाला. कॉम्प्युटर जोडणारी मुले 'ग्राउंड' म्हणतात ते मशीनच्या आतले. काळ्या तारा, मदरबोर्डाचे स्क्रू आणि कॅबिनेटचा पत्रा हे सगळे आतून एकमेकांना जोडलेले असतात. ते आमच्या मुलीने बिनचूक केले होते. पण आतले ग्राउंड वेगळे आणि घराची जमिनीतली अर्थ वेगळी. या दोघांना जोडणारा पूल म्हणजे पिनचा वरचा जाड पाय. तो इतर दोघांपेक्षा लांब असतो, कारण पिन घालताना अर्थ सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड एवढ्यासाठी की तो चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. आमचा पूल अलीकडच्या काठाला पक्का होता. पलीकडचा काठच नव्हता.

काकाजींनी तपासणी कशी केली, तेही सांगतो. टेस्टर पत्र्याला लावला, तो पेटला. मग घरातली सगळी यंत्रे सॉकेटमधून काढायला लावली आणि शंभर वॉटचा साधा तारेचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यात लावला. अर्थ चांगली असती तर तो लख्ख पेटला असता. तो पेटला नाही. मुलीने विचारले, "काकाजी, मीटर का नाही लावला?" ते म्हणाले, "मीटरला करंट फार थोडा लागतो. गंजलेल्या, एका धाग्यावर लोंबणाऱ्या अर्थवरही तो बरोबर आकडा दाखवतो. बल्ब खोटे बोलत नाही." ही तपासणी वाचकांनी घरी स्वतः करू नये. अर्थ तुटलेली असेल तर त्या क्षणी ती सगळी हिरवी तारच जिवंत होते. म्हणूनच त्यांनी आधी यंत्रे काढायला लावली होती.

मग त्यांनी हिरवी तार धरून माग काढला. सॉकेटपासून बोर्डापर्यंत ठीक. बोर्डापासून भिंतीवरून खाली आलेली लोखंडी तार, तीही ठीक. तार अंगणात उतरली आणि टाइल्सखाली गेली. तिथे त्यांनी एक टाइल उचलली. खाली तारेचे तोंड कापलेले होते.

त्या टाइल्स आम्ही २०१८ साली बसवल्या. रंग आम्ही निवडला, मिस्त्रीशी भाव आम्ही केला, आणि "ही जुनी तार मध्ये येते, काढू का?" असे त्याने विचारले तेव्हा "काढ" म्हणणारेही आम्हीच. आता आठवते. कशाची तार आहे, एवढे विचारण्याची तसदी आम्ही घेतली नाही.

इथपर्यंत आम्हाला नुसती शरम वाटत होती. भीती पुढच्या वाक्याने वाटली. काकाजींनी खिडकीकडे बोट दाखवून विचारले, "कूलर कोणत्या सॉकेटवर लावता?"

विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि कूलरवाचून निभत नाही. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, वर मोटार, आणि ओल्या हाताने पाणी भरणारे घरचे माणूस. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, आपण 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. आमचा कूलर आईच्या खाटेजवळच्या खिडकीत असतो. संध्याकाळी पाइप लावून पाणी सौ. भरतात. २०१९ पासून २०२४ पर्यंत सहा उन्हाळे तो कूलर अर्थशिवाय चालला. काही झाले नाही, कारण मोटारीच्या आतला वेढा शाबूत राहिला. आम्ही काळजी घेतली म्हणून काही झाले नाही, असे म्हणायला तोंड नाही.

काकाजी पुढे म्हणाले, "घरातल्या सगळ्या हिरव्या तारा बोर्डात एकत्र येतात. त्या जमिनीला जोडलेल्या नसल्या तरी एकमेकींना जोडलेल्याच आहेत. उद्या कूलरमध्ये बिघाड झाला तर करंट कूलरवर तर येईलच, शिवाय फ्रिजच्या दारावर आणि या पोरीच्या पेटीवरही येईल. आणि तो मुंग्या आणणारा नसेल." जीव वाचवण्यासाठी घातलेली तार वरच्या टोकाला शाबूत आणि खालच्या टोकाला तुटलेली असली, की ती मरण घरभर वाटत फिरते.

दुरुस्ती लगेच केली. अंगणाच्या कडेला, भिंतीपासून दीड मीटरहून लांब खड्डा घेऊन अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा घातला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर भरले, वर पाणी ओतायला नरसाळे आणि झाकण बसवले. जमीन ओली असेल तरच ती वीज घेते, म्हणून उन्हाळ्यात त्या नरसाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालावे लागते. जमिनीत काय आणि कसे पुरावे याचे भारतीय मानकच आहे, आयएस ३०४३. चांगल्या वायरमनला ते माहीत असते.

आम्हाला वाटले, काम झाले. काकाजींनी आमच्याच हातात कागद-पेन्सिल दिली. चांगल्यापैकी खड्ड्याचाही रेझिस्टन्स १० ओहम निघाला असे धरा. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. बोर्डातली एमसीबी ३२ अँपिअरची. म्हणजे कूलरच्या पत्र्यावर पुरा फेज आला तरी एमसीबी पडणारच नाही! एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असते, माणसासाठी नव्हे. माणसासाठी वेगळे यंत्र लागते. त्याचे नाव आरसीसीबी. पुष्कळ लोक जुन्या सवयीने त्याला ईएलसीबी म्हणतात.

हे यंत्र आम्हाला फार आवडले, कारण ते आमच्याच जातकुळीचे, म्हणजे कॅशियर आहे. फेजमधून किती करंट बाहेर गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, याचा ताळेबंद ते अखंड मांडत असते. जमा आणि खर्च जुळले तर गप्प. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की कुठेतरी गळती आहे, कदाचित माणसाच्या अंगातून, असे समजून ते क्षणात सगळी वीज तोडते. साधारणपणे अर्ध्या ते एका मिलिअँपिअरला मुंग्या येतात, दहाच्या आसपास आखडलेला हात सुटत नाही आणि तीसच्या पुढचा करंट अंगातून वाहत राहिला तर जीव जाऊ शकतो. म्हणून मर्यादा तीसची. अर्थ नसली तरी आरसीसीबी काम करते, पण मग तिला फरक कळण्यासाठी माणसाने हात लावावा लागतो. अर्थ असली तर बिघाड होताक्षणी, कोणी हात लावण्याआधीच ती पडते. दोन्ही हवीत. आमचा सगळा खर्च एका मध्यम कूलरच्या किमतीत बसला.

पुढच्या रविवारी आम्ही काकाजींना घेऊन आमच्या ओळीतल्या घरी गेलो. आमची फजिती आधी सांगितली, म्हणजे समोरचा माणूस मोकळा होतो. एका घरी पिनचा जाड पाय आरीने कापलेला होता, कारण एक्स्टेन्शन बोर्ड दोन भोकांचा. एका घरी अर्थची तार नळाला बांधलेली. नळ पूर्वी लोखंडी होता, आता प्लास्टिकचा आहे, तार तशीच. आणि एका घरी कोणा हुशार माणसाने सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून तुकडा घेऊन अर्थच्या भोकाला जोडला होता. मुंग्या थांबतात, टेस्टर पेटत नाही, मीटरही ठीक दाखवतो. पण ज्या दिवशी न्यूट्रल मागे कुठेतरी सुटेल, त्या दिवशी चालू असलेल्या यंत्राचा करंट त्या तुकड्यातून पत्र्यावर चढेल आणि पुरे २३० व्होल्ट कूलरच्या अंगावर येतील. तार तुटलेली परवडली, पण ही खोटी अर्थ नको. तो तुकडा काकाजींनी तिथल्या तिथे काढला.

आता वाचकांसाठी थोडक्यात.

१) कॉम्प्युटर, फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, यांपैकी कशालाही हात लावून मुंग्या आल्या तर ती मशीनची खोड समजू नका. पिन काढा आणि लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थ तपासून घ्या. मुंग्या कॉम्प्युटरच्या असतील, तरी तपासायचे आहे ते घर.

२) एक्स्टेन्शन बोर्ड घेताना त्याच्या दोरीत तीन तारा आहेत याची खात्री करा. भोके तीन आणि तारा दोन, असा माल बाजारात असतो.

३) अर्थ नसलेल्या मशीनला चालू स्थितीत टीव्हीची किंवा दुसऱ्या यंत्राची केबल जोडू नका. दोन्ही पिना काढून मगच केबल लावा. नाही तर ठिणगी पडून दोन्हीकडचे पोर्ट जाऊ शकतात.

४) मशीन जोडताना पिन काढलेली असावी आणि हात अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावावा. मनगटाचा पट्टा वापरायचा तर बाजारातलाच घ्या. त्यात दहा लाख ओहमचा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे चुकून २३० व्होल्ट आले तरी पाव मिलिअँपिअरहूनही कमी करंट वाहतो. हाताला साधी तार गुंडाळून अर्थला जोडणे म्हणजे स्वतःलाच फ्यूज करणे.

५) आरसीसीबीवर 'टेस्ट' असे बटण असते. महिन्यातून एकदा दाबा. ती पडली पाहिजे. न पडल्यास बदला.

६) कूलरमध्ये पाणी भरताना, त्याला हात लावताना पिन काढा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण बंद असूनही आत फेज असतो.

खड्डा पूर्ण झाला त्या संध्याकाळी मुलीने आजीला बोलावले. आईने पदराला हात पुसले नाहीत, तसाच ओला हात कॅबिनेटवर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. म्हणाली, "आता नाही चावत." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मला भास झाला होता ना रे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ऑफिसात कोणाचाही तक्रार अर्ज आला तर आम्ही आधी आवक नोंद करतो, मग बोलतो. घरात आईचा अर्ज आम्ही नोंद न करताच निकाली काढला होता.

उन्हाळा दर वर्षी येतो. कूलर माळ्यावरून खाली काढाल, ताट्या बदलाल, पंप धुवून घ्याल, त्याच दिवशी एकदा हिरव्या तारेचा मागही काढा. ती कुठवर जाते ते डोळ्यांनी बघा. आणि घरात अनवाणी वावरणारे कोणी म्हणाले की हे यंत्र चावते, तर त्याला हात लावू नका. पिन आधी भिंतीतूनच काढा.

असो. बाकी पुढच्या खेपेस.